अभ्यासाची राखण

दिघाशीत सरूला भांडखोर म्हणतात, पण ते काही खरं नाही. भांडायला समोरचा माणूस बरोबरीचा वाटावा लागतो आणि सरूच्या लेखी गावात तिच्या बरोबरीचं कुणी नव्हतंच. ती नुसती बघायची. डोक्यावरची भाजीची पाटी न उतरवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून असं बघायची की समोरचा आपोआप बाजूला व्हायचा. गावाला ती अर्ध्या अकलेचं समजायची. नवरा देवराम भिवंडीला लूमवर कामाला, तिथल्या खडखडाटात त्याचे कान निम्मे गेलेले आणि बोलणं त्याहून जास्त गेलेलं. त्याला ती गावाच्याही खाली धरायची. गणेशपुरीला आश्रमाच्या दारात तिच्याकडून काकडी-शिराळी घेणारी मुंबईची माणसं तर तिच्या खिजगणतीतच नव्हती. "यांना वालाची शेंग सोलता येत न्हाय आनि मनाची शांती पायजे," असं ती त्यांच्या पाठीमागे म्हणायची. कधीकधी तोंडावरही म्हणायची.

पण गणेशपुरीला बसून एक गोष्ट तिनं बरोबर हेरली होती. तिथं झाडाखाली कुणी डोळे मिटून बसला की आजूबाजूची माणसं हळू पाऊल टाकतात. पोर रडलं तर आई त्याला उचलून लांब नेते. आणि दिघाशीत तिची लेक प्राजक्ता पुस्तक उघडून बसली की दारातून हाक येते, "प्राजू, रिकामीच हायस ना गो?" म्हणजे डोळे मिटून बसला तो ध्यानाला बसला आणि डोळे उघडे ठेवून बसली ती रिकामी. ह्याचा सरूला मनस्वी संताप यायचा.

प्राजक्ता बी.कॉम. झाली आणि एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायला लागली. वर्षभरात कंटाळली. एक दिवस घरी येऊन म्हणाली, नोकरी सोडते आणि बँकेच्या क्लार्कची परीक्षा देते. देवरामनं मान हलवली. सरूनं विचारलं, "घरी बसून?"

"घरी बसूनच. ठाण्याला क्लास लावला तं अर्धा दिवस येण्याजाण्यातच जातो."

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीच्या भिंतीवर तिनं खळ लावून एक मोठा कागद चिकटवला. सरू सातवी शिकलेली. तिनं त्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सकाळी गणित, मग रिझनिंग, दुपारी इंग्रजी, संध्याकाळी मोबाईलवर पूर्ण पेपर.

"सकाली उठल्या उठल्या गनित कशाला?"

"तवा डोकं ताजं असतं."

"आनि ह्या बाजूला काय लिवलाय?"

"चुका बघायचा टाईम. पेपरात काय चुकला ते रोज बसून बघायचा."

सरू त्या ओळीकडे बघतच राहिली. चुका बघायला वेळ राखून ठेवलेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. दिघाशीत तर नाहीच, आणि तिच्या माहेरी अंजूरला तर चुका करायलाच लोकांना दिवस पुरत नव्हता.

सगळ्यात खाली, परीक्षेच्या अगोदरचा शेवटचा आठवडा प्राजक्तानं लाल पेनानं वेगळा काढला होता. त्यात फक्त बँकांची माहिती आणि चालू घडामोडी. मुख्य परीक्षेत त्याला मोठे मार्क असतात, तिनं सांगितलं, आणि आधी केलं तर विसरायला होतं, म्हणून ते मुद्दाम शेवटाला ठेवलंय. सरूला आणखी एक नियम फार आवडला. पेपरात प्रत्येक विषयाचं घड्याळ वेगळं असतं. एकात वेळ फुकट घालवला तर दुसऱ्यातला काढून तिथं भरता येत नाही. वेळ संपला की समोरचं पानच बदलतं, तुमचं झालेलं असो नसो.

"बरा हाय," सरू म्हणाली. "आपल्या गावाला पन असाच लावायला पायजे."

मग तिच्या ध्यानात आलं की कागदावर सगळं आहे, पण गाव कुठंच नाही. जानकीबाई येणार, लडकू येणार, योजनेचे फॉर्म घेऊन बाया येणार, त्याला कुठली ओळ? तिनं विचारलं तेव्हा प्राजक्ता हसून म्हणाली, "त्ये तुझा काम, आये." पोरगी थट्टेनं बोलली. पण सरकारनं शिक्का मारून नेमलेली माणसं जेवढी नोकरी करत नाहीत तेवढी सरूनं ह्या एका वाक्यावर केली.

त्या दिवसापासून भाजी विकून आली की ती ओटीवर मधोमध बसायची. पुढ्यात सूप किंवा विळी. आत जायचं तर तिच्यावरून उडी मारून जावं लागेल अशी बैठक. शेतात भात पोटरीला आल्यावर गुरं हाकलायला बसतात तशीच ही राखण होती, फक्त गुरं दोन पायांची होती आणि हाकलल्यावर रागावायची.

पहिली आली शेजारची जानकीबाई. ही बाई स्वतःच्या घरात बसलेली कुणी पाहिली नाही. तिला नातवाला सोडून बाजाराला जायचं होतं. "प्राजू घरीच हाय ना? जरा बगल त्याला. अभ्यास काय, मांडीवर पोर घेऊन पन व्हतो."

"तुजा सैपाक व्हतो का गो मांडीवर पोर घेऊन?" सरू म्हणाली.

"व्हतो की."

"म्हनून तं तसा लागतो."

जानकीबाईनं चार दिवस तोंड दाखवलं नाही. सरूला ते चार दिवस सणासारखे गेले.

लडकूला मात्र लाज नावाची वस्तूच नव्हती. दहावीला दोनदा बसून उठलेला हा गडी गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष होता. पांढरे बूट घालून तो शेताच्या बांधावरून चालायचा. त्याला मंडळाची पावती छापायची होती, कुणाच्या लग्नाच्या पत्रिकेत नावं नीट लावायची होती, आणि हे सगळं प्राजक्तानं करावं कारण ती शिकलेली आहे आणि तिला काम नाही. "काकी, येक तास फक्त," तो म्हणायचा. गावात सगळे एक तास मागतात. पोरगीच्या दिवसाचे असे तास वाटून दिले असते तर शेवटी तिला झोपेपुरती जागाही उरली नसती.

एकदा सरूनं वैतागून सांगून टाकलं की पोरीला गोवर आलाय, आत येऊ नका. ही तिची चूक. दिघाशीची माणसं कामाला बोलावली तर येत नाहीत, पण आजाऱ्याला भेटायला रांग लावतात. संध्याकाळपर्यंत ओटीवर कडुलिंबाच्या पाल्याचा ढीग झाला. एक म्हातारी देवीला नारळ बोलून आली. दोघीजणी तर तोंड बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणून भिंतीला टेकूनच बसल्या. प्राजक्ता आतून ऐकत होती आणि तिचा त्या दिवशीचा पेपर बुडाला. तेव्हापासून सरूनं कारण द्यायचं सोडलं. रिकाम्या माणसाला कारण दिलं की तो त्या कारणालाच भेटायला येतो. नुसतं "न्हाय" म्हणायचं आणि विळीवर भेंडी कापत राहायचं, हेच खरं.

पूर्व परीक्षेला ठाण्याच्या पुढचं सेंटर आलं. सरू सोबत गेली. फाटकावर एक बाई पोरींना तपासत होती. दागिने चालत नाहीत, सगळं काढा. प्राजक्ताच्या कानात मोराच्या घाटाचे दोन बारीक झुबे होते, घाईत एकाची फिरकी निघेना. सरूनंच ते काढले आणि मुठीत धरून फुटपाथवर बसली. बाकीच्या आया सावलीला जाऊन गप्पा मारत होत्या, वडे खात होत्या. सरूनं त्यांच्याकडेही तसंच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. पोरगी बाहेर येईपर्यंत तिनं मूठ उघडली नाही. तळहातावर झुब्यांचे वळ उठले होते.

प्राजक्ता पास झाली.

आता ही पूर्व परीक्षा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण दिघाशीला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिचे मार्क पुढं धरतसुद्धा नाहीत. मुख्य परीक्षेला बसायची परवानगी मिळते, बस. पण लडकूनं मोबाईलवर निकाल बघितला आणि दुपारपर्यंत त्यानं फ्लेक्सचं डिझाईन तयार करून आणलं. मधे प्राजक्ताचा फोटो, भोवती लडकूचे स्वतःचे तीन, आणि खाली 'बँक अधिकारी'.

"नेऊन चुलीत घाल हा," सरू म्हणाली.

"काकी, पास झालीय ना ती?"

"आर, रोप उगवला म्हंजे भात घरात आला का? लावनी व्हयाची हाय अजून."

"म्हंजे अर्धी पास?"

"तुज्यापेक्षा अर्धी बरी."

लडकू गेला, पण बातमी गेली नाही. आमच्याकडं हा एक रोग आहे. माणूस काही करायला निघाला की त्याला शाल घालून खाली बसवायचं. महिला मंडळाला सत्कार करायचा होता, शाळेला करायचा होता, समाजाच्या मेळाव्यात करायचा होता. मुख्य परीक्षा महिन्यावर आलेली, पोरगीनं एकेक तास मोजूनमापून ठेवलेला, आणि ही मंडळी नारळ घेऊन दारात. प्राजक्ताला कुणी एक पुस्तक दिलं नाही, कुणी दिवाबत्तीची सोय विचारली नाही. नारळ मात्र सगळ्यांकडं होता. सरूनं एकूण एक परत पाठवले. शाळेचे हेडमास्तर स्वतः आले तेव्हा तिनं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली नाही. "नेमनूक झाली का मीच तुमाला बोलवीन," म्हणाली. गावात बोलणं सुरू झालं की सरूला माज आलाय. आला होता. तिला तो शोभतही होता.

आणि मग महादू आला.

महादू म्हणजे सरूचा सख्खा मोठा भाऊ, अंजूरचा. सरूला दिघाशीला दिली तेव्हा अंजूरलाही भातशेतीच होती. पुढं खाडीकडच्या त्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली आणि महादूचं नशीब फळफळलं. ह्यात त्याची अक्कल काही नव्हती. शेत जिथं होतं तिथंच होतं, रस्ता त्याच्याकडं चालत आला. पण तेव्हापासून तो असा चालायचा की जणू रस्ता त्यानंच पाठीवरून आणला. माहेरच्या प्रत्येक कार्यात सरूला मागच्या बाजूला बसवायचे, सुकट निवडायला, लसूण सोलायला. भावजया नव्या साड्या नेसून पुढं सोफ्यावर. पाहुण्यांना ओळख करून देताना महादू म्हणायचा, "ही आमची धाकटी. तिकडं जंगलात दिलीय." लोक हसायचे. सरू लसूण सोलत राहायची. जी बाई साऱ्या गावाला तुच्छ लेखायची तिला तुच्छ लेखणारी जागा जगात ही एकच होती, आणि तिचं मन नेमकं तिथंच अडकलेलं.

महादूची पांढरी गाडी दारात थांबली तेव्हा सरू विळीवर होती. ती उठून उभी राहिली. मुलाच्या, दीपेशच्या लग्नाचं आमंत्रण होतं. महादूनं पत्रिका दिली आणि म्हणाला, "हळदीला मोठा स्टेज बांधलाय. आमदार येनार, सगली पंचक्रोशी येनार. तवा स्टेजवर माज्या भाचीचा सत्कार करनार हाय मी. आनि सरू, तू पुढं बसायचा. सोफ्यावर."

सरूनं पदर सारखा केला. आणि मग तिनं जे केलं ते तिनं ह्या सगळ्या महिन्यांत एकदाही केलं नव्हतं. तिनं आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "प्राजू, भायेर ये गो. मामा आलाय. च्या ठेव."

प्राजक्ता बाहेर आली. हातात पेन होता. तिनं चहा ठेवला, पत्रिकेवरची तारीख बघितली, आणि मामा गेल्यावर म्हणाली, "आये, हा तोच आठवडा हाय. लाल पेनाचा."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"येका संध्याकालचा काय येवडा?" सरू म्हणाली. "जायाचा, शाल घ्यायाची, यायाचा."

एक तास फक्त म्हणणाऱ्या लडकूला तिनं हाकलला होता. तेच वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडलं आणि तिच्या कानांना ते कळलंही नाही. प्राजक्ता कपबश्या उचलून आत गेली. कोपऱ्यात जेवत बसलेल्या देवरामनं एकदा बायकोकडं बघितलं आणि पुन्हा ताटात बघितलं. सरूला वाटलं, ह्याला काही ऐकू गेलं नसणार.

अंजूरची हळद म्हणजे काय विचारता. शेतात उरलेल्या तुकड्यावर मांडव, डीजेचे खोके माणसाहून उंच, आणि माईकवर एक निवेदक, ज्याचं काम आलेल्या प्रत्येक ढेरीचं नाव घेणं. माजी सरपंच आले, शाल. भावी नगरसेवक आले, शाल. वीटभट्टीवाले शेठ आले, शाल. नवरदेव पिवळा होऊन बाजूला बसलेला, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. मग निवेदकानं आवाज चढवून जाहीर केलं, की महादूशेठ यांच्या भाची, बँकेच्या मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल, शाल.

स्टेजवर प्राजक्तानं मान वळवून आईकडं बघितलं. सरूला पुढच्या सोफ्यावरून उठवून पोरीच्या शेजारी उभं केलेलं होतं. "आये, त्यांना सांग, अजून मेन्स व्हयाची हाय."

"गप रव्ह," सरू ओठ न हलवता म्हणाली. "हस जरा. फोटो काढतायत."

खाली भावजया बघत होत्या. महादूनं माईक घेऊन म्हटलं, "ही माजी भैन, सरू. हिची ही लेक." जंगलाचं नाव काढलं नाही. सरूला आनंद झाला, उघड सांगायचं तर स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता इतका झाला. अशा वेळी माणसाला कळत नाही, की जे लोक आपल्याला एवढी वर्षं कचऱ्यासारखे वाटत आले त्यांनीच टाळ्या वाजवल्यावर आपल्याला एवढं का फुलून यावं.

एका संध्याकाळचे चार दिवस झाले. हळदीनंतर लग्न, लग्नाला आत्याच्या घरचं माणूस नाही म्हणून कसं चालेल. लग्नानंतर नवरी घरात येणार. नंतर पूजा. गाडी उद्या सोडेल, परवा सोडेल. प्राजक्तानं पिशवीत घडामोडींचं पुस्तक आणलं होतं. ते उघडून ती माडीवर बसली की कुणीतरी मावशी वर यायची. एकीला घरासाठी लोन पाहिजे होतं, एकाला टेम्पोसाठी. "मॅनेजर हायस ना, सही तुजीच लागल," असं सांगून ते कागदपत्रं दाखवायचे. एकीनं मुलाचं स्थळ आणलं. डीजे रात्री बंद व्हायचा पण कानात वाजत राहायचा. चौथ्या दिवशी घरी आली तेव्हा पोरीचा घसा बसला होता आणि अंगात कणकण होती.

परीक्षेला सरू पुन्हा सोबत गेली. झुबे पुन्हा मुठीत धरले. प्राजक्ता बाहेर आली आणि तिनं कान पुढं केले.

निकालात नाव नव्हतं. गणितात मार्क चांगले होते, रिझनिंगमध्ये त्याहून चांगले. सगळं मिळून थोडक्यात गेलं. "घडामोडींचा र्‍हायला," प्राजक्ता एवढंच म्हणाली. तिनं भिंतीवरचा कागद नखानं सोडवून काढला, घडी करून चुलीत घातला. खळीबरोबर भिंतीचा चुनाही निघून आला आणि तिथं मातकट चौकोन उरला. सरू वाट बघत होती की पोरगी आता भांडेल. भांडली असती तर सरूला उत्तर देता आलं असतं, भांडणात ती कुणाला हार जात नव्हती. पोरगी भांडली नाही.

अंजूरच्या नाक्यावर महादूनं लावलेला फ्लेक्स मात्र पुढचे कितीतरी महिने तसाच होता. भाजीच्या गिऱ्हाइकांतसुद्धा कुणी विचारायचं, कंच्या ब्रँचला हाय गो पोरगी? महादूनं फोन करून बहिणीला झापलं, आमदारासमोर त्याचं नाक कापलं गेलं म्हणे. सरू म्हणाली, "नाक होता कवा तुला?" आणि फोन ठेवून दिला. फार उशिरा म्हणाली.

प्राजक्तानं भिवंडीत एका कापड व्यापाऱ्याच्या ऑफिसात नोकरी धरली. सकाळी बापाच्या मोटरसायकलवर मागं बसून जायची, संध्याकाळी त्याच्याबरोबर यायची. कधी उशीर झाला तर सांगायची, नेत्राकडं होते. नेत्रा तिची कॉलेजची मैत्रीण, भिवंडीतच खोली घेऊन राहायची. घरात पुस्तक दिसत नव्हतं, भिंतीवर कागद नव्हता. जानकीबाई येऊन बसायची आणि म्हणायची, "बरा झाला बाय, डोक्याला ताप गेला." सरू ओटीवर तशीच मधोमध बसायची, सवयीनं. कुणी आत जायचं म्हटलं तर जाऊ द्यायची. आत राखण्यासारखं काही नव्हतं.

असंच वर्ष गेलं, वर थोडे महिने गेले. एका रविवारी सकाळी सरू उठली तर देवराम अंगणात मोटरसायकल पुसत होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला. लूमला सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी हा माणूस ड्युटी सोडून घरी राहत नसे, ताप असला तरी.

"आज कामाला न्हाय?"

देवरामनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

प्राजक्ता बाहेर आली. केस घट्ट बांधलेले, पायात साध्या चपला. "आये, नेत्राकडं चाललेय. पप्पा सोडतात." गाडी गेली. सरू पाणी ठेवायला आत वळली आणि आरशाखालच्या फळीवर तिला ते दिसले. मोराच्या घाटाचे दोन झुबे, शेजारी शेजारी.

मैत्रिणीकडं जाताना कुणी कानातले काढून जात नाही.

सरू खाली बसली. दोन क्षणांत तिला सगळं कळलं, ती मूर्ख नव्हती. नेत्राच्या खोलीवरचे उशीर, बापाबरोबरचं जाणं-येणं. पूर्व परीक्षा कधीच होऊन गेली असणार, पोरगी पास झाली असणार, आणि आज मुख्य परीक्षा. देवरामला माहीत होतं. ज्या बहिऱ्याला ती माणसात धरत नव्हती त्याला पोरीनं सांगितलं, कारण त्याच्या तोंडून कुणाला काही कळणार नाही. ह्या खेपेला प्राजक्तानं पुन्हा सगळा वेळ नीट आखला होता, राखणीसकट. फक्त राखणदार बदलला होता. आणि ज्या माणसांपासून अभ्यास राखायचा त्यांत जानकीबाई होती, लडकू होता, मामा होता, आणि सगळ्यांच्या आधी आई होती.

तिला रडू आलं नाही. तिला स्वतःविषयी तेच वाटलं जे इतकी वर्षं तिला दुसऱ्यांविषयी वाटत आलं होतं, आणि ते सहन करायला फार कठीण असतं हे तिला पहिल्यांदा कळलं.

दारात सावली पडली. जानकीबाई होती. "सकालीच बापलेक गाडीवर कुठं गेली गो? पोरगीनं केस बांधलेले व्हते, मी बगितला ना. परत ती परीक्षा-बिरीक्षा हाय का काय?"

सरूनं उठून झुब्यांवर फडकं टाकलं. तिच्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि तिचा कधी लागला नव्हता असा मवाळ आवाज लावला.

"कसली परीक्षा आनि काय. त्या नादाला कुठं लागते आता ती? मैत्रिनीकडं गेली. बस, च्या पी."

जानकीबाई बसली. आत येऊन बसली, पसरून बसली, सगळ्या गावाच्या गोष्टी सांगत दुपार करून उठली. सरूनं तिला दोनदा चहा दिला. ही बाई गावभर जाऊन काय सांगेल ते सरूला पक्कं ठाऊक होतं. सांगेल, सरूच्या पोरीनं नाद सोडला. सांगू दे.

ती गेल्यावर सरूनं फडकं काढून झुबे उचलले. मुठीत धरावेसे वाटले, मागच्यासारखे. मग तिनं ते फळीवर परत ठेवले, होते तसेच, शेजारी शेजारी, एकाची फिरकी वर आणि एकाची खाली.

उन्हं कलल्यावर गाडी आली. देवराम हातपाय धुवायला मागं गेला. प्राजक्ता आत गेली, बाहेर आली तेव्हा कानात झुबे होते. तिच्या तोंडावरून काही समजत नव्हतं आणि सरूनं समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"नेत्रा बरी हाय ना?"

प्राजक्ता आईकडं बघत राहिली. आई भाकरी उलटत होती.

"बरी हाय," प्राजक्ता म्हणाली.

"बरा. हात धू आनि जेवाया बस."